रंगखडू आणि मानवी भांडवल : बरुआसागरच्या निमित्ताने बालशिक्षणाचा एक पाठ

अंगणवाडी म्हटले की खिचडी, वजनकाटा आणि लसीकरणाचे कार्ड डोळ्यांसमोर येते. रंगखडू सहसा येत नाही. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील सहा सेवा पाठ करतात. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण यांच्या जोडीला ‘अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण’ ही सेवाही उत्तरपत्रिकेत लिहितात. परंतु या तीन शब्दांच्या मागे प्रत्यक्षात कोणती कृती अभिप्रेत आहे, तिच्यासाठी कोणती साधने लागतात आणि त्यांपैकी सर्वांत दुर्मीळ कोणते, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात एकच साधी कृती घेऊन हा विचार करावयाचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमवेत एक चिमुकले, गमतीदार निसर्गदृश्य रंगविणे, ही ती कृती. उदाहरणासाठी निवडलेले स्थळ उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याचे बरुआसागर हे आहे. तेथील परिसर व परंपरा वास्तव आहेत; पुढे दिलेला अंगणवाडीतील पाठ आणि वेळेचा हिशेब मात्र विवेचनासाठी कल्पिला आहे.

परिसर : चित्राची सामग्री

बरुआसागर हा झाशीहून खजुराहोकडे जाणाऱ्या मार्गावरील कसबा. ओर्छ्याचा राजा उदितसिंह याने १७०५ ते १७३७ या काळात येथे दगडी बांध घालून तलाव निर्माण केला. जुन्या गॅझेटियरमध्ये या बांधाची लांबी पाऊण मैल, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटर दिली आहे. तलावात झाडीने झाकलेली दोन खडकाळ बेटे असल्याचे आणि बांधाखालच्या भागात जुन्या आम्रवृक्षांची दाट लागवड असल्याचे वर्णनही त्यात आढळते. तलावाजवळ उंचावर उदितसिंहाचाच किल्ला आहे. गावाबाहेर ‘जराई का मठ’ हे प्रतिहारकालीन, कोरीव कामाने नटलेले मंदिर आहे. आसपासच्या शेतीत आले आणि भाजीपाला ही महत्त्वाची पिके होत. अठराव्या शतकात झाशी परगणा मराठ्यांच्या सत्तेखाली आला, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रदेश इतिहासाच्या पुस्तकातून परिचित आहे.

रंगांची परंपराही येथे बालकांच्या हातात पूर्वीपासून आहे. बुंदेलखंडात आश्विनातील नवरात्रात मुली ‘नौरता’ अथवा ‘सुअटा’ खेळतात आणि रंगीत चूर्णांनी जमिनीवर चौक रेखतात. ‘मामुलिया’च्या खेळात काटेरी फांदी फुलांनी सजवून ती जलाशयात विसर्जित केली जाते. म्हणजे निसर्गातील वस्तू घेऊन लहान, सजलेले, कल्पित जग उभारणे हे या भागातील मुलांना नवीन नाही. आधुनिक अर्थव्यवस्थेतही येथे बालजगताशी संबंध आहे. उत्तर प्रदेश शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत झाशी जिल्ह्यासाठी मऊ कापडी खेळणी हे उत्पादन निश्चित करण्यात आले.

पाठ : आल्याच्या पानाखालचे गाव

आता प्रत्यक्ष कृती पाहू. वर्गात मोठा कागद, तो नसल्यास जुन्या वर्तमानपत्राची कोरी कड अथवा सारवलेली जमीनही चालते. रंगांसाठी खडू असल्यास उत्तम; नसल्यास हळद, गेरू, कोळसा आणि तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट पुरेशी होते. फाल्गुनात पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजवली की केशरी-पिवळा रंग मिळतो. बुंदेलखंडात हे झाड विपुल आहे आणि पळस हे उत्तर प्रदेशाचे राज्यपुष्पही आहे.

सेविका प्रथम मुलांना बाहेर नेते. आल्याचे एक रोप, दोन खडे, एखादे वाळलेले पान, पावसाळा असल्यास दुरून पाहिलेले भूछत्र, इतके पुरते. भूछत्राला हात लावावयाचा नाही व ते तोंडात घालावयाचे नाही, हा नियमही येथेच सांगितला जातो. परत आल्यावर ती एक प्रश्न विचारते : “मुंगीएवढे झालो, तर हे आल्याचे पान आपल्याला केवढे वाटेल?” येथून गमतीला प्रारंभ होतो. कोणी पानाला झोपाळा बांधतो, कोणी भूछत्राला दार बसवितो, कोणी तलावातील दोन बेटांवर दोन बेडूक बसवून त्यांना एकमेकांशी बोलावयास लावतो. एखाद्या मुलाचे पाणी लाल असते. सेविकेने ते दुरुस्त करावयाचे नसते, “पाणी लाल कशाने झाले?” असे विचारावयाचे असते. उत्तर ‘सूर्य बुडाला’ असे येईल किंवा ‘निळा खडू त्याच्याकडे आहे’ असेही येईल. दोन्ही उत्तरे मौलिक आहेत. पहिल्यात निरीक्षण आहे आणि दुसऱ्यात वस्तू वाटून घेण्याची समस्या आहे.

शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक मूल आपल्या चित्राविषयी एक-दोन वाक्ये सांगते आणि सेविका ती चित्राखाली जशीच्या तशी लिहून घेते. मुलाची भाषा बुंदेली असेल तर बुंदेलीतच. आपण बोललेले कागदावर उतरते, हे मुलाला या क्षणी प्रथमच दिसते. वाचनाची खरी सुरुवात अक्षरांच्या तक्त्यापूर्वी येथे होते.

कृतीतून काय घडते?

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालचित्रांचे टप्पे मांडले. साधारणतः दोन ते चार वर्षे हा रेघोट्यांचा काळ. चार ते सात हा आकृतिपूर्व काळ, ज्यात डोके-पाय असलेली माणसे आणि हवेत तरंगणारी झाडे दिसतात. त्यानंतर ठरावीक आकृतींचा काळ येतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तीन वर्षांच्या मुलाकडून रेषेच्या आत रंग भरण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या वाढीच्या पुढे धावणे होय.

या कृतीचे लाभ चार प्रकारचे आहेत. पहिला शारीरिक : खडू धरताना अंगठा व बोटांची पकड आणि हात-डोळ्यांचा मेळ विकसित होतो, जो पुढे लेखनासाठी लागतो. दुसरा भाषिक : ‘खाली’, ‘मध्ये’, ‘काठावर’, ‘फिकट’, ‘गडद’ असे शब्द प्रत्यक्ष अनुभवासह येतात. तिसरा गणिती : लहान-मोठे, दोन बेटे, प्रत्येक बेटावर एक बेडूक, ही तुलना, मोजणी व एकास-एक संगती आहे. चौथा आत्मनियमनाचा : आधी काय काढावयाचे हे ठरविणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, बिघडलेले पुन्हा करून पाहणे. शालेय यशात या चौथ्या गुणाचे महत्त्व मोठे आहे, तरी तो गुणपत्रिकेत दिसत नाही.

छापील बाह्यरेषांची रंगपुस्तिका पूर्णतः निरुपयोगी आहे असे नाही. हाताला स्थैर्य येण्यास आणि थोडा वेळ एकाग्र बसण्यास तिची मदत होते. परंतु तिच्यातील निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात. बरुआसागरच्या मुलाने न पाहिलेले बर्फाचे घर रंगविण्यापेक्षा स्वतःच्या तलावाचे चुकतमाकत काढलेले चित्र त्याला अधिक बोलते करते. सेविकेशी होणारा संवाद हाच या कृतीचा गाभा होय. संवाद वगळला तर उरतो तो केवळ मुलांना गप्प बसविण्याचा उपाय.

परंपरा : बोर्डी आणि कोसबाड

हा विचार भारतात बाहेरून आलेला नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती व ती शहरी मुलांपुरती सीमित राहत होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या वस्तीत गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्यांचे सूत्र होते आणि ‘अंगणवाडी’ या शब्दाचा अर्थही तोच. खडे, शंख-शिंपले, पाने, बिया, माती ही त्यांची शैक्षणिक साधने होती. ज्या वारली घरांतून ही मुले येत, त्यांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने झाडे, पक्षी, मुंग्या आणि माणसे एकाच लहान जगात रेखाटलेली असत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ताराबाई-अनुताईंनी भांडवली साधनांचा खर्च जवळपास शून्यावर आणला आणि प्रशिक्षित माणसाचा वेळ हा मुख्य उत्पादक घटक मानला. पुढील विवेचनाचा धागा हाच आहे.

घटनात्मक व धोरणात्मक चौकट

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ व २००६ मधील आदेशांमुळे तिच्या सार्वत्रिकीकरणाला गती मिळाली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी कलम २१-अ अन्वये शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण मात्र सुधारित कलम ४५ अन्वये राज्य धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाचे कलम ११ पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा समुचित शासनाला देते. बंधन घालत नाही. याउलट, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीमार्फत मोफत आहार मिळण्याचा हक्क राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने कायद्याने दिला आहे. हा फरक विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. चार वर्षांच्या मुलाचा खिचडीवर कायदेशीर हक्क आहे. रंगखडूवर आणि त्यासोबतच्या संवादावर तो तितक्या स्पष्टपणे नाही.

त्यानंतर २०१३ मध्ये राष्ट्रीय प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरण आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ५+३+३+४ या रचनेत तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा निश्चित केला. त्यातील पहिली तीन वर्षे अंगणवाडी, बालवाटिका वा पूर्वप्राथमिक शाळेची आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत टप्प्यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळाधारित साहित्यसंच प्रसिद्ध झाला. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा उपक्रम सुरू होऊन सेविकांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला, तर २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील लक्ष्य ४.२ हेही २०३० पर्यंत दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षणाची अपेक्षा करते.

दुर्मीळ काय : खडू की वेळ?

येथे एक साधा हिशेब करू. एका केंद्रात तीन ते सहा वयोगटातील २० मुले येतात आणि केंद्र चार तास चालते असे गृहीत धरू. सेविकेचा वेळ आहारवाटप, वजन-उंचीची नोंद, मार्च २०२१ मध्ये आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’वरील माहिती, माता-भेटी आणि सर्वेक्षणे यांत विभागला जातो. शिक्षणासाठी ४० मिनिटे उरली, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटे येतात. आता या केंद्राला खडूंची आणखी एक पेटी दिली तर काय होईल? दोन मिनिटे दोनच राहतील. याउलट, शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला तर तीच जुनी पेटी अधिक उपयोगात येईल.

यालाच उत्पादन घटकांची पूरकता म्हणतात. साहित्य आणि माणसाचा वेळ परस्परपूरक असतील तेव्हा मुबलक घटकात भर टाकून उत्पादन वाढत नाही. ज्याची टंचाई आहे त्या घटकात भर टाकावी लागते. साहित्यसंचाची खरेदी, वाटप व मोजदाद प्रशासनाला सोपी असते. वेळ मात्र गोदामात साठविता येत नाही आणि उद्घाटनाच्या फलकावर दाखविता येत नाही. म्हणूनच अंदाजपत्रकात साहित्याला वाट लवकर मिळते आणि वेळेला उशिरा.

वेळेला किंमत असते हेही विसरता कामा नये. केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१८ पासून मुख्य अंगणवाडीतील सेविकेचे मानधन दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान अधिनियम, १९७२ अन्वये उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. हे काम ‘स्वयंसेवा’ मानावयाचे की कुशल श्रम, हा प्रश्न या निर्णयाच्या मुळाशी आहे.

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कुटुंबांतील १२३ बालकांवर पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पाचा अभ्यास झाला. नोबेल पारितोषिकप्राप्त अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या गुंतवणुकीचा वार्षिक सामाजिक परतावा ७ ते १० टक्के असल्याचा अंदाज मांडला. हे आकडे उत्तरपत्रिकेत बहुधा येतात. परंतु तेथे एका शिक्षकामागे साधारण सहा मुले होती आणि दर आठवड्याला गृहभेट होत असे, हे सांगावयाचे राहून जाते. जमैकात १९८६-८७ मध्ये खुंटलेल्या वाढीच्या १२९ बालकांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. त्यातील काही गटांकडे आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन आईला मुलाशी खेळावयास व बोलावयास शिकवीत. वीस वर्षांनंतर या गटांतील तरुणांची कमाई तुलनागटापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली. वापरलेली खेळणी मुख्यतः घरगुती होती.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा तमिळनाडूचा आहे. कार्तिक मुरलीधरन व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात ६४० अंगणवाड्यांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या निम्म्या केंद्रांत एक अर्धवेळ पूर्वप्राथमिक कार्यकर्ती वाढविण्यात आली. शिकविण्याचा निव्वळ वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानंतर मुलांच्या गणितात सुमारे ०.२९ आणि भाषेत सुमारे ०.४६ प्रमाण विचलन इतकी वाढ नोंदली गेली. जुन्या सेविकेला पोषणाच्या कामासाठी अधिक अवधी मिळाल्याने खुंटलेल्या वाढीचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. पोषण विरुद्ध शिक्षण असा वाद येथे निकालात निघतो. दोन्हींचा संकोच एकाच टंचाईमुळे होत होता.

बुंदेलखंडात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अवर्षण व हंगामी स्थलांतर यांमुळे काही मुले वर्षाच्या मध्येच आईवडिलांबरोबर परगावी जातात. पोषण ट्रॅकरमुळे लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या केंद्रात नेता येते आणि आहाराचा हक्क त्याच्याबरोबर जातो. ओळखीची सेविका व अर्धवट राहिलेले चित्र मात्र बरोबर जात नाही. जेथे मुलांची ये-जा अधिक, तेथे प्रत्येक मुलामागे लागणारा वेळही अधिक. लोकसंख्येवर आधारलेल्या निकषांत ही बाब धरली जात नाही.

मापनाची अडचण

यावर एक आक्षेप घेतला जातो : चित्र रंगविण्याचा परिणाम मोजणार कसा? आक्षेप योग्य आहे. मात्र त्यावरून तीन वर्षांच्या मुलाची परीक्षा घेणे हा निष्कर्ष निघत नाही. वर्षातून तीन वेळा काढलेली चित्रे तारीख घालून एका पाकिटात ठेवली, तर रेघोट्यांपासून आकृतींपर्यंतचा आणि एका शब्दापासून वाक्यापर्यंतचा प्रवास पर्यवेक्षिकेला अर्ध्या तासात दिसू शकतो. अट एवढीच की सर्व चित्रे एकसारखी नसावीत. वीस मुलांची वीस चित्रे सारखीच निघाली, तर ती सेविकेचे चित्र दाखवितात. मुलांची वाढ दाखवीत नाहीत.

समारोप

पूर्वप्राथमिक शिक्षणावरील खर्चाचे समर्थन केवळ परताव्याच्या दराने करणे अपुरे आहे. बालपण हे स्वतःही एक मूल्य आहे. तरीही विकासाच्या दृष्टीने विचार करता निष्कर्ष असा : रंग, कागद व कल्पनाशक्ती यांची या देशात टंचाई नाही. बरुआसागरचा तलाव, कोसबाडची टेकडी वा कोणत्याही वाडीवरचा ओढा चित्राला पुरेसा आहे. टंचाई आहे ती मुलाशेजारी बसून “हे काय काढलेस?” असे विचारणाऱ्या प्रशिक्षित माणसाच्या वेळेची. पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न असा विचारावा : यामुळे एका मुलाच्या वाट्याला रोज किती मिनिटे आली?

अभ्यासासाठी प्रश्न

१. कलम २१-अ व सुधारित कलम ४५ यांतील फरक स्पष्ट करून सहा वर्षांखालील बालकांच्या शिक्षणाच्या हक्काची चर्चा करा.

२. ‘अंगणवाडीतील खरी टंचाई साहित्याची नसून वेळेची आहे.’ उत्पादन घटकांच्या पूरकतेच्या आधारे या विधानाचे परीक्षण करा.

३. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याचा आजच्या पायाभूत टप्प्याच्या धोरणाशी संबंध दाखवा.

४. पेरी प्रकल्पाचे निष्कर्ष भारतात लागू करताना कोणत्या मर्यादा लक्षात घ्याव्या लागतील? तमिळनाडूच्या अभ्यासाच्या संदर्भात लिहा.

५. हंगामी स्थलांतर होणाऱ्या प्रदेशात अंगणवाडीसाठी मनुष्यबळाचे निकष कसे असावेत? सुमारे १५० शब्दांत मत मांडा.